घोटीला तोडलेलं सील

कंटेनर म्हणजे नेमकं काय, हे मला एका गावातल्या स्वागत कमानीनं शिकवलं.

नव्वदच्या दशकात सायखेड्याजवळच्या एका छोट्या पॅकहाऊसवर मी सुपरवायझर म्हणून लागले. पॅकहाऊस म्हणजे शेतातून आलेली द्राक्षं निवडायची, पेट्यांत भरायची, थंड करायची आणि परदेशी धाडायची, ते ठिकाण. पहिला कंटेनर आला तो वाटेतल्या गावाच्या कमानीपाशीच अडला. कमान एका दिवंगत पुढाऱ्याच्या नावाची, आणि कंटेनर तिच्यापेक्षा वीतभर उंच. ड्रायव्हरनं टायरमधली हवा कमी करून पाहिली, तरी बसेना. सरपंच येऊन शांतपणे म्हणाले, "कमानीला हात लावायचा नाय. तुम्ही बारका डबा मागवा." बारका मिळत नाही, जगात कुठंही गेलात तरी हा डबा ठरल्या मापाचाच असतो, म्हणून तर तो बोटीवर, रेल्वेवर आणि ट्रेलरवर सारखाच बसतो, हे समजावता समजावता माझा घसा बसला. त्या मापासाठी जगानं बंदरं बदलली, क्रेना बदलल्या, बोटी नव्यानं बांधल्या. सरपंच काही बदलले नाहीत. शेवटी कमानीखालचा रस्ता खणून खाली घेतला. पुढं दर पावसाळ्यात तिथं तळं साचायचं आणि गाव माझ्या नावानं बोटं मोडायचं.

त्याआधी माल कसा जायचा ते मी सासऱ्यांकडून ऐकलेलं. ते कांद्याचे व्यापारी. गोण्या ट्रकनं मुंबईच्या गोदीत जायच्या, तिथं हमालांच्या पाठीवर चढायच्या, शेडमध्ये पडून राहायच्या, मग जाळ्यात भरून बोटीच्या पोटात उतरायच्या. पलीकडच्या बंदरात हेच सगळं उलट्या क्रमानं. वाटेत प्रत्येक हात गोणीला लागायचा, आणि निघालेली गोणी आणि पोचलेली गोणी एकाच वजनाची असेल असं कोणी धरूनच चालत नसे. कंटेनरनं ते संपवलं. आमच्या अंगणात माल भरायचा, दार लावायचं, दाराच्या कडीत लोखंडी सील ठोकायचं. ते सील तोडल्याशिवाय निघत नाही आणि तोडलं की पुन्हा जुळत नाही. ते उघडायचं थेट गिऱ्हाइकाच्या दारात, समुद्रापलीकडं. मधे घाट लागतो, बंदर लागतं, वादळ लागतं, पण आत कोणी डोकावत नाही. या धंद्याचं सगळं मर्म त्या न उघडण्यात आहे. गिऱ्हाईक आणि शेतकरी एकमेकांना जन्मात भेटलेले नसतात, त्यांच्यामध्ये विश्वास काय तो त्या कडीतल्या सीलचा.

द्राक्षांचा कंटेनर तर आणखी लाडाचा. त्याला गार ठेवायचं यंत्र असतं आणि ट्रेलरवर त्याचा वेगळा जनरेटर. आत जवळजवळ बर्फाची थंडी. द्राक्षांवर बुरशी येऊ नये म्हणून पेटीत गंधकाचा कागद घालतात, त्याचा वायू हळूहळू सुटत राहतो. पेटी उघडून वास घ्यायला गेलात तर डोळ्यांत पाणी येतं. भिंती जाड, मधे थर भरलेला, म्हणजे बाहेरचं ऊन आत जात नाही आणि आतलं काही बाहेर येत नाही. दार आतून उघडत नाही. आत काय असणार, तर द्राक्षं, आणि द्राक्षांना कुठं बाहेर यायचं असतं?

गिऱ्हाइकांचे नखरे विचारू नका. मणी अमुक जाडीचाच हवा, देठ हिरवाच हवा, घडात कात्रीचा डाग नको. प्रत्येक पेटीवर आकडे. त्या आकड्यांवरून तिकडच्या दुकानातला माणूस सांगू शकायचा की हा घड कुठल्या गावच्या, कुठल्या शेतकऱ्याच्या, कुठल्या तुकड्यातला आहे. याचा मला फार अभिमान होता. पाहुण्यांना मी पेटी हातात घेऊन समजावून सांगायची.

पेट्या भरायच्या बायका आमच्या आसपासच्या गावांतल्या, त्या मला नावानिशी ठाऊक. पण कंटेनरमध्ये पेट्या चढवणारी माणसं पेठ-सुरगाण्याकडची. भाताचं काम उरकलं की ती डोंगर उतरून खाली यायची. त्यांची टोळी मुकादम आणायचा, मुकादमाशीच बोलणं, मुकादमाशीच हिशेब. काम करणारी माणसं मात्र अशी की पेटी खाली ठेवताना आवाज येणार नाही.

त्यांची एक रीत होती. कंटेनरच्या आत पायताण घालून जायचं नाही. मी गिऱ्हाइकाच्या नियमाप्रमाणे पांढरे गमबूट आणले, तर ते गमबूटही त्यांनी बाहेर चपलांच्या शेजारी ओळीनं मांडून ठेवले. मुकादमाला म्हटलं, अहो, हे आत घालायचे आहेत. तो म्हणाला, "बाई, खायाची चीज भरतोय. तिथं पायताण कसं न्यावं?" आत जमिनीला ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात, अनवाणी पायाला टोचतात आणि थंडीनं पाय बधिर होतात. शेवटी मी शहरातून जाड लोकरी मोज्यांचा गठ्ठाच आणला. मोजे त्यांना चालले. तेव्हापासून भरणी सुरू झाली की माल चढवायच्या फलाटाच्या पायथ्याशी चपलांची ओळ लागायची आणि भरणी संपली की ओळ मोडायची.

तो दिवस मार्चमधला. माल मुख्यतः दत्तूनानांचा. नाना म्हणजे त्या भागातले जुने बागायतदार, स्वभावानं हट्टी, पण द्राक्षाला हात लावताना लहान मुलाला लावावा तसा लावणारे. त्यांचा हा पहिलाच परदेशी माल. वर्षभर त्यांनी बागेत माझं ऐकलं होतं आणि ऐकताना मला टोमणेही भरपूर मारले होते. बोट दुसऱ्या दिवशी सुटणार होती. त्या वेळेत डबा न्हावा शेव्याच्या बंदरात गेला नाही तर पुढची बोट आठवड्यानं, आणि काढलेलं द्राक्ष आठवडाभर थांबत नाही.

मुकादमाला त्याच दुपारी देवळा तालुक्याकडं कांदा भरायला माणसं न्यायची होती, म्हणून काम उरकायला त्यानं दुसऱ्या एका टोळीतली माणसंही आणलेली. ती एकमेकांना ओळखत नव्हती. पेट्या आतल्या टोकापासून रचत दारापर्यंत यायचं असतं आणि वर हवा खेळायला जागा सोडायची असते. काम अर्ध्याच्या पुढं गेलं तेव्हा आतल्या टोकाची एक थप्पी कलली. मुकादम ओरडला, "आत जा रं कोणी, सरळ कर ती." एक सडपातळ माणूस पेट्यांवर चढला आणि पोटावर सरकत त्या फटीतून आत गेला. मला त्याचे राखाडी मोज्यातले तळवे दिसले. तेवढ्यात एक्साईजचे इन्स्पेक्टर आले. त्या काळी सील त्यांच्या समोर लागायचं. मी कागदांकडे वळले.

दार लागलं. सील ठोकलं गेलं. नानांच्या मंडळींनी नारळ फोडला. इन्स्पेक्टर गेले, ट्रेलर गेला, मुकादमाचा टेम्पो धूळ उडवत गेला. मी फलाट बंद करायला गेले आणि खाली चपलांचा एक जोड दिसला.

टायरच्या तळव्यांच्या चपला, एका अंगठ्याला तार गुंडाळलेली. विसरला कोणीतरी, असं म्हणून मी वळलेसुद्धा. मग पाय थांबले. मार्चची भर दुपार होती. अंगणातलं काँक्रीट असं तापलेलं की त्यावरून कुत्रंही पळत जायचं. या उन्हात चपला विसरून कोण जाईल?

आणि ते तळवे आठवले. आत जाताना मी ते पाहिले होते. बाहेर येताना पाहिले नव्हते.

नाना ओट्यावर चहा पीत बसले होते. मी त्यांना सांगितलं. त्यांनी आधी चपलांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "आला असंल की भाईर. पुढच्या थप्प्या लावताना त्यो आत कसा राहील?"

"राहू शकतो. वरून दिसत नाही. आणि निम्मी माणसं दुसऱ्या टोळीतली होती, कोण आत कोण बाहेर हे कोणाच्या ध्यानात राहणार?"

"मुकादमाला इचारू."

मुकादम टेम्पोत. टेम्पो देवळ्याच्या वाटेवर. तेव्हा मोबाइल मोठ्या शहरातल्या मोठ्या माणसांकडं असायचे, मुकादमाकडं कुठला? कोणाच्या शेतावर कांदा भरणार आहेत हेही कोणाला ठाऊक नव्हतं. मी आमच्या माणसाला मोटरसायकलवर तिकडं पिटाळलं. पण तो टेम्पो शोधून परत येईपर्यंत संध्याकाळ झाली असती, आणि ट्रेलर त्याच्या उलट दिशेनं, मुंबईकडं निघाला होता. अंगात पातळ सदरा, अंधार, बर्फाची थंडी आणि गंधकाचा वायू. माणूस त्यात किती टिकतो हे मला माहीत नव्हतं. द्राक्ष किती टिकतं ते मी झोपेतही सांगितलं असतं.

घोटीला एक पेट्रोल पंप होता, आमचे ट्रेलर तिथं डिझेलला थांबायचे. मी पंपावर फोन लावला आणि आपला ट्रेलर दिसला की अडवून ठेवा म्हणून सांगितलं. मग इन्स्पेक्टरांच्या ऑफिसला. ते नुकतेच पोचले होते. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "मॅडम, सील तोडायची परवानगी मला फोनवर देता येत नाही."   मग म्हणाले, "पण आत माणूस असेल तर परवानगीसाठी थांबू नका. दोन पंच उभे करा. मी निघतोच." त्यांचं मला आजही कौतुक वाटतं, कारण हे वाक्य बोलणं त्यांच्या नोकरीला परवडणारं नव्हतं.

नाना जीप काढून तयार होते. आम्ही नाशिक ओलांडलं. विल्होळीच्या पुढं ते म्हणाले, "समजा, दार उघडलं. मंग?"

"मग कंटेनर परत आणायचा. पुन्हा तपासणी, पुन्हा सील."

"बोट?"

"बोट जाईल."

"नुसतं उघडून, बघून, लावलं पुन्हा? कोणाला कळतंय?"

"आत तापमान लिहून ठेवणारं यंत्र आहे, नाना. दार उघडलं की त्यात उठतं. शिवाय सील तुटलेला डबा बंदरात घेतच नाहीत."

पुढं एक बैलगाडी आली म्हणून त्यांनी वेग कमी केला, आणि गाडी गेल्यावरही तो तसाच कमी ठेवला. मला ते कळत होतं. मी म्हटलं, "नाना, जरा जोरात."

"आणि आत कोणी नसला तर?"

"नसला तर चांगलंच आहे की."

"तुमाला चांगलं," नाना म्हणाले. "वरीसभर मी त्या बागेत निजलोय." पण पाय त्यांनी दाबला.

ट्रेलर पंपाच्या कडेला उभा होता. ड्रायव्हर अस्लमभाई, मालेगावचे, आमच्याकडचे सगळ्यात जुने. त्यांना मी सांगितलं तसे ते आधी हसले आणि मग त्यांचा चेहरा उतरला. "म्याडम, घोटीपर्यंत दोन वेळा मला वाटलं मागं कायतरी वाजतंय. मी समजलो साखळी आहे."

मी जनरेटर बंद करायला सांगितला. तो थांबला आणि एकदम शांतता झाली. मी दाराला कान लावला, अस्लमभाईंनी टॉमीनं, म्हणजे टायर खोलायच्या लोखंडी दांड्यानं, दारावर ठोके मारले, पुन्हा कान लावला. काहीच नाही. नाना म्हणाले, "बघा, नाय कोणी. असता तर ठोकलं नसतं?" त्यांना ती शांतता सुटकेची वाटत होती. मला ती फार वाईट वाटत होती, कारण जो ठोकू शकत नाही त्याचीही शांतता तशीच असते.

अस्लमभाई म्हणाले, "सील तोडलं तर माझी गाडी अंदर जाईल, म्याडम." मी म्हटलं, तुम्ही हात लावू नका. शेजारच्या गॅरेजमधून मिस्त्रीला बोलावलं. सील चांगलं बोटाएवढ्या जाडीच्या खिळ्याचं. त्याच्याकडं मोठी कात्री नव्हती, करवतीचं पातं होतं. तो कापायला बसला. पंपावरची चार माणसं जमली, त्यांतली दोन मी पंच म्हणून उभी केली. पातं अर्ध्यात तुटलं. त्यानं दुसरं लावलं. नाना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, अजून इचार करा. अजून तुटलं नाय." मी पात्यावरची नजर काढली नाही. त्यांच्याकडं पाहिलं असतं तर मी थांबले असते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

खिळा पडला. दार उघडल्याबरोबर थंड धुकं आमच्या अंगावर आलं आणि डोळे चुरचुरले. समोर छतापासून वीत-दोन वीत खाली पेट्यांची भिंत. दाराजवळच्या वरच्या पेट्या उतरवून ताडपत्रीवर ठेवल्या. त्या उतरवताना नानांनी एकही पेटी आदळली नाही. आता आत कोण जाणार? नाना अंगानं भारी, अस्लमभाईंचं पोट पुढं. मी साडीचा पदर खोचला, पंपावरची बॅटरी घेतली आणि पेट्यांवर चढले.

पोटावर सरकत जायचं. डोकं वर केलं की छत लागतं. खाली पुठ्ठा, त्याच्या खाली वर्षभर जपलेली द्राक्षं, आणि माझ्या कोपरांनी पेट्या दबत होत्या. गंधकानं घसा धरला होता. बॅटरीच्या उजेडात पेट्यांवरचे आकडे तेवढे दिसत होते. नानांचा आकडा, नानांच्या तुकड्याचा आकडा. मला हाक मारायची होती. तोंड उघडलं आणि काय म्हणू ते कळेना. त्या माणसाचं नाव मला ठाऊक नव्हतं. "अहो," म्हटलं. "दादा," म्हटलं. मग नुसतंच ओरडले, "कोण आहे का आत?" आवाज पेट्यांत विरून गेला. मला रडू यायला लागलं, ते थंडीनं की भीतीनं ते सांगता येणार नाही.

आतल्या टोकाला पोचले. कललेली थप्पी सरळ केलेली होती, अगदी ओळंब्यात. कोपऱ्यात बॅटरी मारली, खाली फटीत मारली. कोणी नव्हतं.

मी तशीच उलटी सरकत निघाले. बाहेर आले तेव्हा नाना दारात उभे होते. माझ्या तोंडाकडं पाहून त्यांना कळलं.  ताडपत्रीवरच्या पेट्यांवर ऊन आलं होतं, त्यांनी अंगातला कोट काढून त्यावर घातला.

इन्स्पेक्टर आले, कागद झाले, डबा परत फिरला. आमची मोटरसायकल रात्री देवळ्याहून आली. चपलांचा धनी टेम्पोत होता, कांदा भरत होता, धडधाकट. काम आटोपल्यावर मुकादमानं टेम्पो सुरू करून आरडाओरडा केला तेव्हा तो घाईत मोज्यांवरच चढला होता. बोट गेली. नानांचा माल अखेर मुंबईच्या बाजारात मिळेल त्या भावानं विकला गेला.

त्यानंतरचे दिवस मला नकोसे झाले. मालकांनी मला काढलं नाही, पण दोन वाक्यांच्या वर बोलेनात. आसपासच्या पॅकहाऊसवर माझं नाव 'चपलावाल्या मॅडम' पडलं. नाना रोज यायचे, चहा प्यायचे आणि चारचौघांत म्हणायचे, "आमचा माल चपलेनं खाल्ला." मी ऐकून घ्यायची. त्यांना तो हक्क होता. तरी मनातून संतापायची, कारण तो माणूस जिवंत असल्याचा आनंद करायला त्या अंगणात कोणी तयार नव्हतं. घरी यजमान म्हणाले, पुन्हा असं झालं तर जरा विचार कर. मी म्हटलं, पुन्हा असं झालं तर विचार न करताच तोडीन. पण हे म्हणताना माझा आवाज चढला होता, म्हणजे मलाच खात्री नव्हती.

चपलांचा धनी काही येईना. निरोप पाठवले, तर मुकादम म्हणाला, तो लपतोय. मला कारण कळेना. शेवटी अस्लमभाई नवा कंटेनर घेऊन अंगणात आले त्या सकाळी मुकादमानं त्याला जवळजवळ ओढतच आणलं. तिशीचा माणूस, मान खाली. त्यानं पिशवीतून राखाडी मोजे काढले, धुतलेले, घडी केलेले, आणि माझ्यासमोर धरले.

"चोराया नव्हतं नेलं, बाई. पायात राहिलं."

एवढे दिवस तो मोज्यांपायी लपला होता. आम्ही त्याला शोधतोय ते मोज्यांसाठीच, असं त्याला वाटलं होतं. मी त्याला ओट्यावर बसवलं आणि घोटीचं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तो कंटेनरच्या दाराकडं बघत राहिला. मग म्हणाला, "पर मी आत असतो तर दार लोटून आलो असतो ना?"

"आतून दार उघडत नाही."

"नाय उघडत?"

"नाही."

तो मुकादमाकडं वळला. मुकादमानं मान हलवली, त्यालाही ते ठाऊक नव्हतं. "मग आम्हाला कोणी सांगितलं का नाय?" त्यानं विचारलं. रागानं नाही, साधंच.  गिऱ्हाइकाचे सगळे नियम मी भिंतीवर लावले होते, द्राक्षाचे.

नाना शेजारीच बसले होते. त्यांनी कप खाली ठेवला. "येवढं काय त्यात? आतून बोंब मारली, दोन लाथा घातल्या तर मेलेला माणूस उठंल. ड्रायव्हरला कसं ऐकू येत नाय?" ते उठले. कंटेनर रिकामा होता, जनरेटर तपासायला चालू ठेवलेला. नाना फलाटावरून आत गेले. "लावा दार, मॅडम. मी ठोकतो. ऐकू आलं का नाय ते समद्यांसमोर सांगा."

मी नको म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही, त्यांना मला खोटं पाडायचंच होतं. मी दार लावलं आणि दांडा खाली केला.

आम्ही उभे राहिलो. जनरेटर घुमत होता. मुकादम म्हणाला, "अजून ठोकलं नाय वाटतं." मलाही तसंच वाटलं. नाना आत उभे राहून मिशीत हसत असतील आणि आमची गंमत बघत असतील, असं डोळ्यांसमोर आलं. मी आणखी थांबले. मोजेवाला माणूस पुढं झाला. त्यानं कान लावला नाही, दारावर तळहात ठेवला आणि तसाच उभा राहिला.

"हाताला लागतंय कायतरी," तो म्हणाला. आणि मला न विचारता त्यानं दांडा उचलून दार ओढलं.

नाना दाराला चिकटूनच उभे होते, ते जवळजवळ त्याच्या अंगावर आले. टोपी पडली होती. दोन्ही तळहात लालबुंद झाले होते. आवाज बसला होता.

"मी किती वेळ बोंबलतोय," ते मला म्हणाले. "किती वेळ."

"काही ऐकू आलं नाही, नाना."

त्यांनी मुकादमाकडं पाहिलं, अस्लमभाईंकडं पाहिलं. दोघांनी नकारार्थी माना हलवल्या. ते फलाटाच्या कडेला बसले. दार उघडणारा माणूस त्यांची टोपी उचलून घेऊन आला. नानांनी टोपी घेतली, पण डोक्यावर ठेवली नाही. हातातच धरून त्याला विचारलं, "नाव काय रे तुझं?"

"काशिनाथ."

तो तिसऱ्या हंगामाला आमच्याकडं येत होता. त्याचं नाव मीही तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.